लपवलेला डबा आणि खिशातला मोबाइल

नाताळाच्या सुट्टीत अमेरिका, इंग्लंड किंवा जर्मनीहून शिरूर, दौंड, केडगावच्या घरी येणारी नातवंडे अलीकडे एक चमत्कारिक प्रश्न विचारू लागली आहेत : “आजोबा, इथे जवळपास कॅश आहे का?” बाजारपेठेत हयात घालवलेल्या आजोबांचे लक्ष साहजिकच गल्ल्याकडे जाते. परंतु नातवाला रोकड नको असते. इंग्रजीत उच्चार सारखा असला तरी हा शब्द निराळा आहे. फ्रेंच भाषेतील ‘लपवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला असून शोधण्यासाठी मुद्दाम लपवलेला डबा एवढाच त्याचा अर्थ आहे. उपग्रहांच्या साहाय्याने असा डबा शोधण्याच्या खेळाला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात.

खेळाची रीत सोपी आहे. एक जण पाणी न शिरणाऱ्या डब्यात छोटी नोंदवही ठेवतो, तो डबा कोणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. दुसरा कोणी ते आकडे घेऊन जागेवर पोहोचतो, डबा शोधतो, वहीत नाव व तारीख लिहितो आणि डबा होता तसा परत ठेवतो. बक्षीस नाही, पैज नाही, हरणे-जिंकणेही नाही. काही डब्यांत लहानसहान वस्तू असतात. त्यांतली एक उचलली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, असा संकेत आहे. देवघेवीचा हिशेब जागेवरच मिटवण्याची ही पद्धत व्यापारी घरातील मुलांना समजावून सांगावी लागणार नाही.

या खेळाला निश्चित जन्मतारीख आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस उपग्रहांचे संकेत पूर्वी नागरी वापरासाठी हेतुपुरस्सर बिघडवून सोडले जात, त्यामुळे जागा सांगण्यात १०० मीटरपर्यंत चूक होई. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हा बिघाड बंद करण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री जगभरातील साध्या यंत्रांची अचूकता एकदम कित्येक पटींनी वाढली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक येथे रस्त्यालगत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत वही-पेन्सिल, पुस्तके, संगणकाच्या आज्ञावली, गोफण आणि घेवड्याचा एक डबाही होता. काही दिवसांतच माइक टीग नावाच्या गृहस्थाने ती शोधून काढली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले. आज जगभर असे ३० लाखांहून अधिक डबे नोंदलेले आहेत. त्या मानाने भारतातील संख्या अगदी थोडी आहे आणि आपल्या तालुक्यांत तर हा खेळ अजून बहुतेकांच्या कानावरही गेलेला नाही. परदेशातून आलेल्या मुलाला शेजारच्या गल्लीत डबा मिळाला नाही तर त्याने हिरमुसू नये. त्याने स्वतःच पहिला डबा ठेवावा.

येथे घरात चर्चा सुरू होते ती खर्चाची. हा खेळ जन्मला तेव्हा हातात धरण्याचे स्वतंत्र जीपीएस यंत्र घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. गार्मिन कंपनीची ‘ईट्रेक्स’ ही पिवळ्या रंगाची छोटी यंत्रे त्याच सुमारास बाजारात आली आणि अनेक वर्षे शोधकांच्या गळ्यात लटकत राहिली. २००८ मध्ये आयफोनच्या दुसऱ्या आवृत्तीत जीपीएस आले, त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोनही निघाला, आणि दहा वर्षांच्या आत प्रत्येकाच्या खिशात एक जीपीएस यंत्र आपोआप येऊन बसले. आता मुलाच्या हट्टासाठी पाच आकडी रक्कम मोजून निराळे यंत्र घ्यावे, की घरातलाच फोन पुरेल? शिरूर-दौंडच्या परिसरापुरते उत्तर द्यायचे तर फोन पुरतो. मात्र तो का पुरतो आणि कोठे पुरत नाही, हे समजून घेतल्याशिवाय ते उत्तर पदरात घेऊ नये.

जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण सतत एकच गोष्ट सांगत असतो : मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे. फोन किंवा यंत्र हा संदेश ऐकते, तो पोहोचायला किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून अंतर काढते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा निश्चित होते. तीन पुरेसे वाटतील, परंतु फोनमधले घड्याळ स्वस्तातले असल्याने त्याची चूक काढण्यासाठी चौथा लागतो. घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागेत ३०० मीटरचा फरक पडतो. रोखपालाच्या खिडकीवरसुद्धा इतक्या काटेकोर हिशेबाची कोणी अपेक्षा करत नाही.

या साऱ्यात फोन काहीही पाठवत नाही, तो केवळ ऐकतो. म्हणूनच सिम कार्ड नसलेल्या, रिचार्ज संपलेल्या फोनलाही आपली जागा कळते. पुष्कळ सुशिक्षित माणसांचाही असा समज आहे की ‘रेंज’ गेली की जीपीएस गेले. तसे नाही. रेंज गेल्यावर जातो तो नकाशा, कारण नकाशाची चित्रे इंटरनेटवरून येत असतात. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला तर हा प्रश्न मिटतो. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली अनेक ॲप्स संपूर्ण महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये साठवू देतात. आणखी एक बाब आहे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघी ५० अक्षरचिन्हे – संगणकाच्या भाषेत बिट – इतक्या मंद गतीने सांगतो. ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि सर्व उपग्रहांचे वेळापत्रक पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. फोन ही माहिती मोबाइलच्या जाळ्यातून क्षणात मागवून घेतो, म्हणून तो लवकर जागा सांगतो. स्वतंत्र यंत्र बराच काळ बंद राहिले असेल तर त्याला आकाशाकडे पाहत थोडे थांबावे लागते. तेव्हा ज्या गावात रेंज आहे तेथेच ॲप एकदा उघडून मग माळावर जावे.

अचूकतेचे म्हणाल तर मोकळ्या आकाशाखाली साधारण स्मार्टफोन सुमारे ५ मीटरच्या परिघात जागा सांगतो, असे जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकी सरकारचेच म्हणणे आहे. आता फोन केवळ अमेरिकी उपग्रहांवर अवलंबून नाहीत. रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू हेही ते ऐकतात. आपल्या ‘इस्रो’च्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला आणि २०२० पासून काही फोनमध्ये तिचे संकेत वाचणाऱ्या चिप येऊ लागल्या. २०१८ नंतर दोन वारंवारता ऐकणारे फोनही निघाले, ते भिंती-कड्यांवरून परावर्तित झालेल्या संकेतांनी कमी फसतात. नव्या फोनची तुलना जुन्या यंत्राशी केली तर अचूकतेत फोन मागे राहीलच असे नाही.

शिरूर-दौंडचे भाग्य म्हणजे येथील आकाश. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. घोड, भीमा, कुकडीच्या काठचे ऊसपट्टे सोडले तर बहुतेक भूभाग सपाट, उघडा, बाभळी-बोरींनी तुरळक झाकलेला. क्षितिजापर्यंत नजर जाते तेथे उपग्रहांचीही नजर येते. सह्याद्रीच्या घळीत किंवा भीमाशंकरच्या गर्द झाडीत मात्र आकाशाची एक पट्टीच दिसते, संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतात आणि फोनचा बाण वीस-तीस मीटर इकडेतिकडे भरकटतो. चांगला ॲन्टेना असलेले स्वतंत्र यंत्र तेथे काही अंशी बरे ठरते. जो तरुण दर रविवारी गडकिल्ल्यांवर जातो, त्याने यंत्राचा विचार जरूर करावा. रांजणगावच्या आसपास आजोबांबरोबर संध्याकाळी फिरणाऱ्या मुलाला त्याची गरज नाही.

यंत्राचा खरा वरचष्मा अचूकतेत नसून सोशिकपणात आहे. दोन पेन्सिल सेलवर ते वीस तास सहज चालते, सेल संपले तर वाटेतल्या किराणा दुकानात नवे मिळतात. त्याचा पडदा भर उन्हात अधिकच स्पष्ट दिसतो. पाण्यात पडले, दगडावर आपटले तरी बहुधा शाबूत राहते. याउलट फोनचा पडदा मे महिन्यातील दौंडच्या उन्हात काळा आरसा होतो. पारा चाळिशीच्या वर गेला की फोन तापतो, आपणहून मंदावतो, कधी बंदही पडतो. बॅटरी पडद्यामुळे जास्त संपते, उपग्रह ऐकण्यामुळे कमी, हे लक्षात ठेवले तर पडदा मालवून चालण्याची सवय लागते आणि दिवस निभावतो. सोबत एक पॉवर बँक असावीच. कारण चार-पाच हजारांचा फायदा नव्हे. डबा शोधता शोधता फोन संपला, तर घरी संपर्क साधण्याचे साधनही त्याच्याबरोबर संपते.

आकड्यांच्या बाबतीत या खेळात मोठी गफलत होते, आणि ती फोनची नसते. अक्षांश लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत. नकाशाचे लोकप्रिय ॲप अंशांचा दशांश अपूर्णांक दाखवते. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि मिनिटांचा अपूर्णांक वापरतात. जुन्या सरकारी नकाशांवर अंश, मिनिटे, सेकंद असतात. १८.५० अंश म्हणजे १८ अंश ३० मिनिटे. १८ अंश ५० मिनिटे नव्हेत, कारण एका अंशात ६० मिनिटे असतात. कोणी घाईत तसे वाचले तर २० मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचे, म्हणजे चूक ३७ किलोमीटरची. योगायोग असा की दौंड शहर साधारण १८ अंश २८ मिनिटांवर आणि शिरूर १८ अंश ५० मिनिटांच्या जवळ आहे. दशांशचिन्हाच्या एका गैरसमजापायी दौंडच्या वेशीवर ठेवलेला डबा कोणी शिरूरच्या अक्षांशावर धुंडाळत बसेल! उलट मिनिटाचा हजारावा भाग, म्हणजे शेवटचा तिसरा आकडा, आपल्याकडे अक्षांशात १.८५ आणि रेखांशात सुमारे १.७६ मीटरचा असतो. तेवढ्यावर डोके खाजवण्यात अर्थ नाही, कारण फोनची स्वाभाविक चूकच त्याहून मोठी आहे.

म्हणूनच शेवटच्या दहा मीटरमध्ये फोन खिशात ठेवावा, असे जाणते शोधक सांगतात. तेथे बाण नाचू लागतो. तो आग्रहाने पाहत राहणारी मुले बाभळीभोवती गोल फिरत राहतात. त्या टप्प्यावर डोळ्यांचे काम सुरू होते. लपवणाऱ्याने कोठे लपवले असेल? रचून ठेवल्यासारखा दिसणारा दगड कोणता? साठीच्या पुढचे आजी-आजोबा येथे नातवंडांना सहज मागे टाकतात, कारण गावाकडची जमीन त्यांनी पायांनी वाचलेली असते. काही स्वस्त फोनमध्ये होकायंत्राची चुंबकीय चिप नसतेच. उभे राहिल्यावर त्यांचा बाण दिशा दाखवू शकत नाही, चार पावले चालल्यावरच त्याला दिशा कळते. चिप असली तरी आपल्या पायांखालचा काळा बसाल्ट खडक लोहयुक्त असल्याने होकायंत्र अधूनमधून चुकते. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवला की ते पुष्कळसे ताळ्यावर येते.

बाण नेहमी सरळ रेषेत अंतर दाखवतो, हेही विसरू नये. भीमेच्या दौंड तालुक्यातील काठावर उभे राहून पलीकडचे पेडगाव, म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातील बहादूरगडाची तटबंदी, पाहिली तर फोनवरचे अंतर अगदीच थोडे दिसेल. मध्ये नदी आहे, हे बाणाला ठाऊक नसते. पूल कोठे आहे ते नकाशात पाहावे, आणि नकाशापेक्षा नावाड्याला किंवा गुराख्याला विचारणे अधिक भरवशाचे.

परिसरात जागांची वाण नाही. घोड नदीकाठचे इनामगाव हे शिरूर तालुक्यातील खेडे पुरातत्त्वाच्या जगात प्रसिद्ध आहे. १९६८ पासून अनेक हंगाम डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकरी वस्ती उजेडात आली. पाच खोल्यांचे एक मोठे घर, पाण्यासाठी काढलेला पाट, दोन रांजण तोंडाला तोंड लावून केलेली बालकांची दफने, आणि चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेल्या अवस्थेत पुरलेला एक माणूस. अशा ठिकाणी डबा ठेवणे मात्र सर्वथा अयोग्य. तेथील खापराचा तुकडाही जागचा हलवू नये. या खेळात अशा स्थळांसाठी बहुटप्पी शोधाची सोय आहे. पहिल्या टप्प्यावर डबा नसतो. तेथे जाऊन एखाद्या फलकावरील साल किंवा पायऱ्यांची संख्या टिपायची, त्या आकड्यांतून पुढचे अक्षांश-रेखांश तयार होतात आणि खरा डबा दूर, परवानगी घेतलेल्या खाजगी जागेत असतो. दोन स्थळांमधले मोबाइलवरचे हे गणित पाचवी-सहावीच्या मुलांना वर्गातल्या गणितापेक्षा गोड लागते.

शिरूर, अर्थात घोडनदी, एकेकाळी ब्रिटिशांची छावणी होती. १८०९ मध्ये मरण पावलेल्या कर्नल वॉलेस यांची कबर येथे असून जुन्या गॅझेटियरने नोंदवल्याप्रमाणे परिसरातील लोक त्यांना ‘सत्पुरुष’ मानून नैवेद्य दाखवीत. गावात जन्म काढलेल्या किती जणांनी ती जागा पाहिली असेल? परक्या मुलखातील साहेबाला गावाने संतपद कसे दिले, याची गोष्ट नातवाला सांगण्यासाठी फोनवरचे आकडे हे निमित्त पुरेसे आहे.

कुकडी नदीतील रांजणखळगे ही तर या भागाची अपूर्व ठेव. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामधून वाहणाऱ्या या नदीने कठीण बसाल्टमध्ये खोल, गोल विहिरी कोरल्या आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे हजारो वर्षे गरगरत राहिले आणि त्यांनी खडक आतून घासला. जिओकॅशिंगमध्ये ‘अर्थकॅश’ हा प्रकार २००४ पासून आहे. त्यात डबा मुळीच नसतो. भूशास्त्रीय चमत्कार पाहून त्यासंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. निघोजची कुंडे त्यासाठी जणू घडवलेली आहेत. परंतु येथे फोनकडे पाहत चालणे जिवावर बेतेल. काठ गुळगुळीत, पाणी खोल, आणि दोन खडकांच्या फटीत आकाश आक्रसल्यामुळे बाणही बेभरवशाचा. मुलाचा हात मोठ्याच्या हातात आणि फोन तिसऱ्याच्या हातात, अशी वाटणी करून मगच काठाजवळ जावे. पावसाळ्यात, धरणातून पाणी सोडलेले असताना, जाऊच नये.

धोक्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. हे हल्ले घनदाट जंगलात झाले नाहीत. वस्तीला लागून असलेल्या शेतशिवारात झाले. ऊस हे आता बिबट्याचे घर आहे. तेव्हा परदेशी संकेतस्थळावर लिहिलेले ‘रात्रीचा शोध अधिक रंगतदार’ हे वाक्य आपल्या तालुक्यापुरते खोडून टाकावे. उसाच्या फडालगत, ओढ्याच्या झाडीत डबा ठेवू नये आणि शोधूही नये. दिवस मावळण्याच्या तासभर आधी घरी परतावे. मुलांना एकटे धाडू नये. फोन हातात असल्याने मूल पडद्याकडे वाकलेले राहते, आजूबाजूचे भान सुटते आणि वाकलेले लहान मूल अधिक असुरक्षित असते. याच प्रसंगी फोनची मोठी बाजूही दिसते. स्वतंत्र यंत्र जागा सांगेल, हाक मारू शकणार नाही. फोनवरून ११२ लावता येतो आणि आपली जागा आकड्यांत सांगता येते.

यंत्राबाबत आणखी एक सूचना परदेशस्थ मुलांना आधीच कळवावी. केवळ संकेत ऐकणारे साधे जीपीएस यंत्र निराळे आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र निराळे. दुसऱ्या प्रकारची यंत्रे गिर्यारोहक परदेशात सर्रास वापरतात. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणे गुन्हा आहे. अशा यंत्रांपायी विमानतळांवर परदेशी पाहुण्यांना अटक झाल्याची उदाहरणे आहेत. दोन्ही यंत्रे दिसायला सारखी असतात. सामानात कोणते आहे, याची खात्री निघण्यापूर्वी करावी. फोन घेऊन येणाऱ्याला ही चिंता नाही.

गावातल्या शेतकऱ्याला हा खेळ परका वाटेल, पण त्याचे तंत्र त्याच्या हाती आधीच आलेले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या शेतात उभा राहून फोनमधून पिकाचे छायाचित्र काढतो, ॲप त्या जागेचे अक्षांश-रेखांश सोबत नोंदवते आणि ती नोंद सातबाऱ्यावर जाते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या सर्वांचा आधार ही नोंद. शेतात उभे राहून जागा सिद्ध करणे यात आणि डबा शोधण्यात तंत्राचा फरक नाही.

येथेच एक घातक गैरसमज उगवतो. फोनवर शेताची हद्द दिसते, निळा ठिपका बांधाच्या पलीकडे दिसतो, आणि भाऊबंदकीला नवे खाद्य मिळते. ठिपक्याची चूक ५ मीटर धरली आणि बांध १०० मीटर लांब धरला, तर फरक ५०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ ५ गुंठ्यांचा होतो. एकरातला आठवा हिस्सा! डबा शोधणाऱ्याला ५ मीटर म्हणजे चार पावलांची मौज. दोन भावांना ते कोर्टाच्या वीस वर्षांच्या तारखा. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता ज्या रोव्हर यंत्रांनी होते, ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम उभ्या केंद्रांशी जोडलेली असून त्यांची अचूकता सेंटिमीटरमध्ये आहे. तेही जीपीएस आणि हेही जीपीएस, असे म्हणणे म्हणजे किराणा दुकानातला तराजू आणि सराफाचा काटा एकच मानणे. हद्दीचा वाद असेल तर मोजणीचे शुल्क भरून रीतसर अर्ज करावा. फोनवरचे चित्र दाखवून बांध कोरू नये, आणि अशा चित्राच्या भरवशावर जमीन तर मुळीच विकत घेऊ नये.

डबा ठेवणाऱ्यांसाठी नियम थोडे पण कडक आहेत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. खड्डा खणून पुरायचे नाही. उल्मर यांची ती पहिली बादली आजच्या नियमांत बसली नसती. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, आणि ती गावात मिळवणे कठीण नाही. काय ठेवणार ते उघड करून दाखवले की बहुतेक जण हसून होकार देतात. दौंड जंक्शन, एसटी स्थानके, मंदिरांचे आवार, औद्योगिक वसाहती आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या परिसरापासून डबा पूर्णपणे दूर ठेवावा. बेवारस डबा दिसला की तेथे बॉम्बशोधक पथक येते, आणि यायलाच हवे. डबा पारदर्शक असावा आणि त्यावर मराठीत खेळाची माहिती ठळक लिहावी. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहायला अवश्य जावे, पण वनखात्याच्या हद्दीत काही ठेवू नये.

खाण्याचा कोणताही पदार्थ डब्यात ठेवत नाहीत. मुंग्या येतात, उंदीर डबा कुरतडतात, आणि त्यांच्यामागे साप. दगड उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहावा, उचललाच तर त्याखालचे जीव दुखावणार नाहीत अशा बेताने पुन्हा तसाच ठेवावा. पावसाळ्यात जमीन जिवांनी गजबजलेली असते; साधू-साध्वी चातुर्मासात एके ठिकाणी का थांबतात, हे या वाचकवर्गाला सांगायला नको. खेळही तेवढे चार महिने थांबवला तर डबेही पाण्यापासून वाचतात. कार्तिकानंतरचे दिवस सर्वोत्तम : आकाश निरभ्र, ऊन सौम्य, फोनही थंड.

ॲपविषयी थोडे. अधिकृत ॲप मोफत मिळते, परंतु वर्गणी न भरणाऱ्याला सर्व डबे दिसत नाहीत. अँड्रॉइडवर ‘सी-जिओ’ हे स्वयंसेवकांनी बनवलेले मुक्त ॲपही आहे. ॲप नेहमी फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल उघडून नव्हे. ज्या फोनमध्ये यूपीआय आणि बँकेची ॲप्स आहेत, त्याच फोनने डब्यात सापडलेला अनोळखी क्यूआर कोड उघडणे टाळावे. ॲपला जागा पाहण्याची परवानगी ‘वापरताना’ एवढीच द्यावी. मुलांची छायाचित्रे घरी परतल्यावर टाकावीत, म्हणजे ती या क्षणी कोठे आहेत हे जगाला कळत नाही.

आपल्या डब्याचे अक्षांश-रेखांश नोंदवताना एकदाच बटण दाबून मोकळे होऊ नये. फोन दगडावर ठेवून पाच मिनिटे थांबावे, आकडे लिहावेत. दुसऱ्या दिवशी निराळ्या वेळी पुन्हा घ्यावेत, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. चार-पाच नोंदींची सरासरी काढली की चूक बरीच आटोक्यात येते. मग नोंद संकेतस्थळावर पाठवायची. तेथील स्वयंसेवक ती नियमांशी ताडून पाहतो आणि मान्य झाल्यावर डबा नकाशावर येतो. वहीसोबत पेन ठेवू नये. उन्हाने शाई वाळते आणि ओल लागली की अक्षर फुटते. पेन्सिल ठेवावी, आणि जोडीला एक छोटे शार्पनर.